दुपारचा पहारा

दगडूआप्पा डुलायला लागले तेव्हा मला वाटलं, नामात रंगलेत.

मी मंडपाबाहेर शेणाचा सडा टाकत होते. भर दुपार, चैत्राचं ऊन. गाव पलीकडच्या शाळेच्या पटांगणात पंगतीला बसलं होतं आणि वाढप्यांचे आवाज इथवर येत होते. टाळकरी एकेक करून जेवायला सटकले होते. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात एकटे आप्पा गळ्यात वीणा घालून उभे होते, ओठांतल्या ओठांत 'राम कृष्ण हरी' म्हणत. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यात साखरेचा आजार, त्यात सप्ताहाचा उपास. ते डावीकडे झुकले, मग उजवीकडे. मग त्यांचं नाम थांबलं आणि मी मान वर केली.

आमच्या गोदाकाठच्या गावात सप्ताह म्हणजे वर्षाचा सण. सात दिवस नाम अखंड चालतं. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही आणि जो वीणा धरतो तो खाली बसत नाही. घराघरांना पहारे वाटून दिलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, आधी वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो, वीणेकरीही वाकून त्याच्या पाया पडतो, आणि मग वीणा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जाते. वीणा टेकली तर सप्ताह मोडला, आणि मोडलेल्या सप्ताहानं कुठल्या गावात पटकी आली अन् कुठल्या गावाची विहीर आटली, याच्या गोष्टी आम्हाला लहानपणापासून पाठ.

आम्हालाही पाठ, म्हणजे मांगवाड्यालाही. आम्ही मातंग. देवळाच्या दारात हलगी वाजवायची आमच्या माणसांनी, मंडपाबाहेर सडा टाकायचा आमच्या बायांनी. मंडपात पाऊल टाकू नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडली नव्हती.

आप्पांचे गुडघे वळले. मी पाटी टाकली, हात लुगड्याला पुसले आणि धावले. त्यांच्या छातीवरून वीणा घसरत खाली येत होती, तिचा भोपळा जमिनीपासून वीतभर उरला होता, तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी धरलं. आप्पा जमिनीला टेकले, वीणा टेकली नाही.

"आप्पा, पाणी आणू का?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, वीणेकडे पाहिलं.

"नाम थांबलंय," ते म्हणाले. "घाल गळ्यात."

"म्यां?"

"दुसरं कोण हाय हितं? घाल. आन् म्हण."

मी वीणा गळ्यात घातली. हाका मारून माणसं बोलवावीत तर नाम तुटतं, म्हणून मी नामच मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधाला हाक घालतात त्या गळ्यानं. मंडपातून बाईचा आवाज येतोय म्हटल्यावर अख्खी पंगत उठून आली, काहींच्या हाताला वरणभात तसाच.

आप्पांना उचलून जीपमध्ये घातलं आणि तालुक्याला नेलं. त्यात गावानं जरा हयगय केली नाही, हे सांगितलं पाहिजे. जीप गेली, धुरळा बसला आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

पुढे आले बळीरामतात्या. सप्ताहाचे पंच, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला धावायचा. पण त्याच्या डोक्यात ज्याची त्याची जागा ठरलेली होती आणि त्या जागेवर जो तो असला म्हणजे तात्यांना झोप चांगली लागायची.

"शाबास, हौसा," ते म्हणाले. "मोठं काम केलंस. ठेव आता ती खाली."

मी नाम म्हणत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, खाली कशी ठिवायची?"

तात्यांनी जीभ चावली. "बरं, पुढचा पहारा कुणाचा हाय?"

पुढचा पहारा त्यांच्याच घरचा होता. पुतण्या सुधाकर. त्याला पंगतीतून शोधून आणलं. चांगला दणकट गडी, हात धुऊन घाईघाईनं आला, वीणेकडे हात नेला आणि थांबला. वीणा घ्यायची तर आधी पाया पडायचं. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेणाचे शिंतोडे उडालेले, भेगाळलेले, आणि कुणाचे ते त्याला नीट माहीत होतं.

"काका," तो म्हणाला, "मला जरा कणकण आल्यावानी वाटायलंय."

त्याच्यानंतर आणखी दोघातिघांना बोलावलं. गावात तापाची साथ आल्यासारखं झालं.

आता मला त्यात थोडी गंमत वाटायला लागली होती, पण ती फार टिकली नाही. महिनाभरापूर्वीच आम्ही सहाजणी तात्यांच्या ओट्यासमोर जाऊन आलो होतो. आमची मजूर बायांची संघटना होती, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी आम्ही तहसील कचेरीपुढे धरण्याला बसून आलेल्या बाया. विहीर सगळ्यांना खुली झाली, तशी आम्हाला बसायची गोडी लागली. बसलेल्या बाईला उठवणं सोपं नसतं, हे आम्हाला कळलं होतं. तर आम्ही तात्यांना म्हटलं, "आमच्या गल्लीचा शिधा घेता, हलगी घेता, सडा घेता. मंग एक पहाराबी द्या." तात्या रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "अगं बायांनो, पहारा म्हंजे उभं ऱ्हायचं काम हाय. दिसभर राबून आलेली माणसं तुम्ही. तुमच्यानं उभं ऱ्हावणार हाय का?"

इतकी काळजी की काय सांगावं.

आणि आता मी उभी होते. हे खाली ठेवलं तर काय होईल, ते मला लख्ख दिसत होतं. मांगाच्या बाईनं वीणा टेकवली, सप्ताह मोडला. पुढं पाऊस लांबला तरी माझ्यामुळे, कुणाचं जनावर दगावलं तरी माझ्यामुळे. आमच्या पोरांच्या पोरांना ते ऐकावं लागलं असतं, आणि पहारा मागायला पुन्हा कुणी तोंड उघडलं नसतं. म्हणून ठेवायची नाही. कुणीतरी घेईपर्यंत, नेमानं घेईपर्यंत.

गाव मात्र तोडगे शोधायला बसलं. मंडपाच्या कडेला खुर्च्या टाकून, माझ्यासमोरच.

"खुटीला टांगू. खुटी म्हंजे काय जमीन न्हाई."

"खुटीला टांगली म्हंजे वीणा थांबली. मोडलाच की सप्ताह."

"पाटावर ठिऊ. वर सोवळं अंथरून."

"आन् पाट कुठं ठिवणार? आभाळात?"

एका शहाण्यानं सुचवलं, तिच्या नवऱ्यालाच बोलवा, त्याला घेऊ द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लिंबाजीकडूनही कुणाला तरी घ्यावी लागेल. परत तोडग्यांची पहिल्यापासून सुरुवात.

लिंबाजी, माझा नवरा, तोवर कनातीपाशी येऊन उभा राहिला होता. हलगी काखेत. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण त्याचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

"हौसा," तो बाहेरूनच म्हणाला, "दे सोडून. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय."

मी त्याच्याकडे बघत नाम म्हणत राहिले. मला बोलता येत नव्हतं, आणि बोलता आलं असतं तर फार कडू बोलले असते. तात्यांच्या रानात वर्षाच्या बोलीनं त्याचं साल ठरलेलं होतं. त्याचं भ्यायचं कारण खरं होतं, ते मला कळत होतं. तरी राग यायचा तो आलाच.

ऊन कलायला लागलं तसा माझा गळा सुकला. पाणी मागायला तोंड मोकळं नव्हतं, आणि कुणी आणून दिलं नाही. आवाज चिरकला. 'राम' निघालं, 'कृष्ण' निघालं, 'हरी'ला नुसता वारा आला. तात्या खुर्चीतून अर्धे उठले. वीणा टेकली नव्हती, पण नाम तुटणार होतं आणि तेवढ्यानं त्यांचं भागणार होतं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "राम कृष्ण हरी."

जाडाभरडा, बेसूर आवाज. घरात दोन वाक्यं सलग न बोलणाऱ्या माणसाचा. लिंबाजी मंडपात आला होता. हलगी बाहेर ठेवून, आप्पांच्या टाळकऱ्यांनी टाकलेले टाळ त्यानं उचलले होते. आयुष्यभर देवळाच्या दारात उभं राहून त्यानं नामाला ठेका धरला होता, त्यामुळे एकही घाव चुकला नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. समोर मारुतीकडे बघत होता, कारण एवढ्या जवळून त्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मला रडू आलं. ते तसंच येऊ दिलं.

मग आमची राही आली, मग शेवंता, मग संघटनेतल्या बाकीच्या, मग त्यांची माणसं. कुणी टाळ घेतले, कुणी टाळ्या. राहीनं तांब्यातून पाणी आणलं आणि मला पाजलं. बघता बघता मांगवाडा मंडपात आणि गाव कनातीच्या बाहेर असा देखावा झाला. बाहेरच्यांना तो कसा दिसला असेल कोण जाणे. आतून फार झकास दिसत होता.

आता नाम म्हणायला माणसं होती, त्यामुळे मला बोलायची सोय झाली. तात्या ते ताडून जवळ आले.

"हौसा, काय पायजे तुला?"

"मला काय न्हाई पायजे, तात्या. कुणीतरी वीणा घ्या."

"हे तू मुद्दाम करायलीस."

"आप्पांना चक्कर म्यां आणली का?"

"तसं न्हाई गं. पण तोडगा काढू की. तू म्हणशील तर पुढच्या वर्षी बघू तुमच्या पहाऱ्याचं. आता कुणी पाया न पडताच घेऊ दे."

लालूच मोठी होती. मी लिंबाजीकडे पाहिलं, राहीकडे पाहिलं. सगळे नाम म्हणत होते, पण कान इकडेच होते. राहीनं मान हलवली, अगदी थोडी. हो म्हणून नव्हे.

"तात्या," मी म्हटलं, "नेम मोडून वीणा दिली, तर उद्या तुम्हीच म्हणताल की बाईला नेम ठावा न्हाई. नेमानं घ्या. उभं ऱ्हायचं काम हाय म्हणालतात ना? म्यां उभी हाय."

तात्या परत खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी कीर्तनकार आले. पुंडलिक महाराज, तरुण, गोरेपान, आवाज असा गोड की ऐकत राहावं. कालच्या कीर्तनात त्यांनी सांगितलं होतं की देवाच्या दारात लहानमोठा कुणी नाही, सगळी एकाच बापाची लेकरं. कनातीबाहेर बसून मी ते ऐकलं होतं आणि पदरानं डोळे पुसले होते. त्यामुळे जीपमधून ते उतरलेले दिसले तेव्हा मला हायसं वाटलं. आला, म्हटलं, आपला माणूस आला.

तात्यांनी त्यांना बाजूला घेतलं. पण मंडपाला भिंती नसतात.

"महाराज, शास्त्रात काही वाट असल का?"

महाराजांनी वीणेला लांबून हात जोडले. माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे. आमच्या पंचक्रोशीत त्यांची त्या वर्षी बरीच कीर्तनं ठरलेली होती.

"हा गावाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "गावानं ठरवावं. मी पाहुणा माणूस."

मला तात्यांच्या हसण्याचं इतकं लागलं नव्हतं जितकं त्या बोलण्याचं लागलं. कालचे अश्रू परत घेता आले असते तर घेतले असते.

पाय सुजले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. बसायची सवय होती मला, तासन् तास कचेरीपुढे. उभं राहायची निंदण-खुरपणातही नसते. मी डुलायला लागले तसं राही माझ्या मागे आली आणि पाठीला पाठ लावून उभी राहिली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पडलेच तर उताणी पडायचं, म्हणजे वीणा छातीवर राहील.

अशात गर्दी फाकली. सोजरमाय येत होती.

सोजरमाय म्हणजे तात्यांची आई. गावातली सगळ्यात कडक म्हातारी. तिच्या सोवळ्यापुढे देवळाचा पुजारीही दबून असायचा. मी तिच्या रानात खुरपायला जायचे तर ती ओंजळीत वरून पाणी ओतायची, आणि एक थेंब तिच्या लुगड्यावर उडाला तर घरी जाऊन अंघोळ करायची. सप्ताहाचे सातही दिवस तिचा उपास, आणि दिवसभर घरातच जपाला बसून संध्याकाळी कीर्तनाला तेवढी बाहेर पडायची. हातात काठी, कपाळावर काळा बुक्का. तिला पाहून आमच्या बायांचे टाळ मंदावले. दिवसभर गावाला न भ्यालेली मी, पण त्या काठीच्या आवाजाला भ्याले.

ती मंडपाच्या तोंडाशी थांबली.

"कवापसून उभी हाय ही?" तिनं कुणालाच नाव न घेता विचारलं.

"दुपारपसून," कुणीतरी म्हणालं.

"नाम तुटलं का?"

"न्हाई."

"वीणा टेकली?"

"न्हाई, सोजरमाय."

"मंग घेत का न्हाई कुणी?"

शेवटी तात्या म्हणाले, "माय, घ्यायची म्हंजे..."

"म्हंजे काय?"

"म्हंजे तू समजून घे की."

"मला म्हातारीला काय कळतंय? तू सांग. म्हंजे काय?"

एवढा मोठा जमाव, सगळ्यांना उत्तर ठाऊक, पण मारुतीच्या समोर, नाम चाललेलं असताना, ते उच्चारायला कुणाची जीभ रेटेना. घरात, शेतात, पाणवठ्यावर रोज बोलायचा तो शब्द. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्यांनाही त्याची लाज वाटते.

सोजरमायनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग काठी सुधाकरच्या हातात दिली, चपला काढल्या आणि मंडपात आली. आमच्या बाया दोन्ही बाजूंना सरकल्या. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि वाकायला लागली. तिचे गुडघे कडाकडा वाजले. मी घाबरून मागे झाले.

"माय, नगा. तुमचं वय..."

"गप उभी ऱ्हा," ती म्हणाली. "वीणेकऱ्यानं मागं सरायचं नसतंय."

तिनं दोन्ही हातांनी माझे घोटे धरले आणि कपाळ माझ्या पायांवर टेकवलं. शेणानं भरलेल्या, सुजलेल्या पायांवर. घाईघाईनं नाही, देवळात टेकवतात तसं, पुरतं. तिचा कपाळावरचा बुक्का माझ्या पायाला लागला. मग मी वाकले, एका हातानं वीणा सावरत, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. वीस वर्षं मी तिच्या अंगणात उभी राहिले होते. तिला हात लावायची ती पहिलीच वेळ.

वीणा माझ्या गळ्यातून निघाली आणि तिच्या गळ्यात गेली.

बाईनं वीणा घेतली, तीही एकीपाठोपाठ एक दोघींनी, हे गावाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्याआधीच म्हातारीनं तारांवर बोट फिरवलं होतं, आणि ते अशा सराईतपणे की टाळकरीसुद्धा चमकले.

"माय," तात्या म्हणाले, "तुला येतंय?"

"माझा बाप वीणेकरी व्हता. पोरगी म्हणून मला कवा धरू दिली न्हाई. तुला ठावं न्हाई, कारण तू कवा इचारलं न्हाईस."

तात्यांचा जीव भांड्यात पडला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अडलेली गोष्ट सुटली होती. आईकडून वीणा घ्यायला मुलाला कसली अडचण? ते लगबगीनं पुढे आले, टोपी काढली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आण, माय. तुझ्यानं उभं ऱ्हावणार न्हाई."

सोजरमाय वाकली नाही. वीणाही काढली नाही.

"हौसाच्या पुढचा पहारा कुणाचा व्हता?"

"आपल्याच घरचा."

"मंग तिच्या पाया पडायचं ऱ्हायलंय आपल्या घराचं. म्यां माझ्यापुरती पडले. तू घरचा कर्ता हायस. ते करून ये, मंग वीणा घे."

"माय, सगळं गाव बघायलंय."

"बघू दे की. त्यापायीच तर मंडप घातलाय."

म्हातारीनं डोळे मिटून नाम सुरू केलं. ऐंशीच्या घरातली बाई, दिवसभराची उपाशी, आणि वीणेचं वजन गळ्यात. तिचा तोल जरासा गेला, तशा राही आणि शेवंता दोन्हीकडून पुढे झाल्या, पण तिनं मानेनंच नको म्हटलं. मग एक डोळा उघडून मुलाकडे पाहिलं.

"उभी हाय म्यां," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

ते माझंच वाक्य होतं. तिच्यापर्यंत कुणी पोचवलं होतं की तिला आपसूक सुचलं, ते मी पुढं कधीच विचारलं नाही.

नाम चाललं होतं. आता कनातीबाहेरूनही आवाज यायला लागले होते, आधी बायकांचे, मग बाप्यांचेही. तात्या वळले. माझ्याकडे चालत आले. टोपी अजून हातातच होती. माझ्यासमोर थांबले. वाकले. त्यांचं टक्कल माझ्या पायांना टेकलं.

त्या क्षणी काय वाटलं ते मी लपवत नाही. देव आठवला नाही. लिंबाजीचा आजा आठवला. माझा आजेसासरा याच दारात हलगी वाजवता वाजवता म्हातारा झाला आणि मारुतीचे पाय न पाहता गेला. मला वाटलं, ओरडून त्याला सांगावं. इतका आनंद मला पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता.

मग मी वाकले आणि तात्यांच्या पाया पडले. नेम तो नेम. त्यांचेही पाय तसेच होते, भेगाळलेले, भेगांत तीच काळी माती.

आईनं मुलापुढे वाकून वीणा त्यांच्या गळ्यात घातली, आणि सुधाकरची कणकण लगेच उतरली. पाया पडायला रांग लागली. काही खऱ्या मनानं आले, काही लोक काय म्हणतील म्हणून आले, मी सगळ्यांना सारखा नमस्कार केला. पुंडलिक महाराज सगळ्यांत शेवटी आले. वाकले आणि हळूच म्हणाले, "चुकलो, माउली." मी म्हटलं, "आता कीर्तन चांगलं करा." त्यांनी केलं. विषय होता, देवाच्या दारात लहानमोठा कुणी नाही. या वेळी मी आत बसून ऐकलं, पाय पसरून, आणि शेवंता माझ्या पोटऱ्या चेपत होती.

पुढच्या वर्षापासून आमच्या गल्लीला पहारा मिळाला. भर दुपारचा, जो कुणालाच नको असतो तो. लिंबाजी कुरकुरला, पण मी म्हटलं, उन्हाची आपल्याला सवय हाय. आमच्या पुढचा पहारा सोजरमायनं स्वतः मागून घेतला, आणि हात चालत होते तोवर दरवर्षी माझ्याकडून वीणा तीच घ्यायची. आता तिची नातसून घेते. ओंजळीत वरून पाणी ओतणं मात्र आपोआप थांबलं नाही. त्यासाठी आम्हाला आणखी दोनदा बसावं लागलं. एका नमस्कारात सगळं मिटतं, असं सांगणाऱ्यानं आमचं गाव पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचं राहिलं ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी दगडूआप्पा तालुक्याहून परत आले. हाताला पट्टी, तोंड उतरलेलं, पण डॉक्टरशी भांडून आले होते. जीप मंडपापाशीच थांबवली. तात्या, सुधाकर, सगळे धावले. मी टाळकऱ्यांत बसले होते. आप्पांनी जीपमधूनच विचारलं, "टेकली का?"

"न्हाई, आप्पा," सुधाकर म्हणाला. "हौसाबाईनं धरली. दुपारपसून पार दिवेलागणीपतोर..."

आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"धरली कुणी, ते म्यां पाहिलंय. तिच्याकडून घेतली कुणी, ते सांग."

सुधाकर तात्यांकडे बघायला लागला. तात्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी मायनं. मंग म्यां. पाया पडून."

आप्पांनी मंडपात माझ्याकडे पाहिलं आणि जीपमधून पाय खाली टाकला.

"मंग झाला सप्ताह," ते म्हणाले.